इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीची सुट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मिल्टन कीन्सला राहतो, ग्रँड युनियन कालवा घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि आत्तापर्यंत पाच वेळा बोट भाड्याने घेऊन फिरलोय. त्यामुळे मंडळातले लोक, ऑफिसातले, भारतातून येणारे नातेवाईक सगळे मलाच विचारतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल पण एवढं लक्षात ठेवा की अंतर कमी ठरवा. जितकं जमेल असं वाटतंय त्याच्या निम्मं.

नॅरोबोट म्हणजे केरळची हाउसबोटच ना?

नाही हो. केरळात बोट चालवायला माणूस असतो, करीमीन मासा तळून द्यायला माणूस असतो, आपण खुर्चीत बसायचं. इथे कंपनीचा माणूस तासभर शिकवतो, किल्ली हातात देतो आणि काठावर उभा राहून टाटा करतो. त्यानंतर चालवणं, बांधणं, पाणी भरणं, सगळं तुमचं तुम्ही, आणि खरं सांगते मजा त्यातच आहे.

बोट फक्त ६ फूट १० इंच रुंद असते. लांबी मात्र ७० फुटांपर्यंत असू शकते. आत सगळं एकामागोमाग एक, रेल्वेच्या डब्यासारखं, पुढे बसायची जागा मग किचन मग बाथरूम मग बेडरूम, आणि एकाला जायचं असेल तर दुसऱ्याने अंग चोरून उभं राहायचं. एवढी अरुंद का, तर जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने मधल्या इंग्लंडातल्या कालव्यांवर लॉक्सच (बोट वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या पेट्या, पुढे सांगतेच) साधारण ७ फूट रुंद बांधले, म्हणजे बांधकाम स्वस्त आणि पाणीही कमी लागतं. अडीचशे वर्षं झाली, अजून नवीन बोट बांधायची तरी माप तेच.

कालवा म्हणजे आपल्या खडकवासल्याच्या कालव्यासारखा?

शब्द एकच आहे पण काम वेगळं. आपला कालवा पाणी नेतो, हा माल न्यायला बांधलेला, त्यामुळे पाणी जवळपास उभंच असतं आणि खोलीही बहुतेक ठिकाणी तीन-चार फूटच. १७६१ मध्ये ब्रिजवॉटरच्या ड्यूकने वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायला कालवा सुरू केला आणि कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग सगळ्यांनाच कालवा हवासा झाला. चिनीमातीची भांडी करणारा जोसाया वेजवुड ट्रेंट अँड मर्सी कालव्याच्या मागे लागला होता कारण खड्ड्यांच्या रस्त्याने भांडी फुटायची, तो कालवा १७७७ मध्ये पुरा झाला. एक घोडा काठाने चालत २५-३० टनांची बोट ओढायचा. तीच घोड्याची वाट म्हणजे आजचा टोपाथ, जिथे लोक आता सकाळी पळायला येतात.

पुढे रेल्वे आली, मग ट्रक आले, आणि १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले तेव्हा उरलासुरला धंदाही बसला. बरेच कालवे गाळाने भरले, काही बुजवले. ते परत उघडले ते मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांनी, शनिवार-रविवारी फावडी घेऊन चिखलात उतरलेल्या लोकांनी. केनेट अँड एव्हन कालवा असाच १९९० मध्ये पुन्हा सुरू झाला. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे, आपण ज्या लॉकचं गेट ढकलतो ते कुणीतरी आपली सुट्टी घालवून नीट केलंय. २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था इंग्लंड-वेल्समधले साधारण २,००० मैल सांभाळते.

लायसन्स लागतं का? पोहता यायला हवं का?

सुट्टीसाठी भाड्याने घेताना चालवायचं लायसन्स लागत नाही. पोहता आलं तर उत्तम पण बहुतेक ठिकाणी पडलात तर उभे राहा, पाणी छातीपर्यंत. लॉकमध्ये आणि नदीच्या भागात मात्र हे खरं नाही, तिथे खोल असतं. लाइफजॅकेट कंपनी देते, मुलांनी बाहेर असताना घातलंच पाहिजे, आणि मोठ्यांनी लॉकवर घातलं तर कुणी हसत नाही.

चालवायला कितपत अवघड आहे?

पहिला अर्धा तास हात थरथरतात. मागे उभं राहायचं, हातात टिलर म्हणजे सुकाण्याचा दांडा, आणि बोट डावीकडे न्यायची तर दांडा उजवीकडे ढकलायचा. शिवाय बोट कारसारखी पुढून वळत नाही, मधोमध खिळा ठोकल्यासारखी फिरते, म्हणजे पुढचं टोक डावीकडे गेलं की तुमची बाजू उजवीकडे जाते. ब्रेक नाही. थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा आणि वाट बघायची. आणि इंजिन न्यूट्रलला असताना टिलर कितीही हलवा, फारसा उपयोग नाही, मागच्या पंख्याने (प्रोपेलरने) फेकलेलं पाणी सुकाण्यावर आदळतं तेव्हाच ती वळते.

समोरून बोट आली की उजवीकडे व्हायचं, रस्त्यावर डावीकडून चालणाऱ्या आपल्याला हे मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं. पण अगदी काठाला चिकटू नका, तिथे उथळ असतं.

माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, वय ६८, आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाल्या बघू जरा माझ्याकडे दे. मी शेजारी उभी राहिले. दहा मिनिटं झिगझॅग, मग त्यांना कळलं की दांडा थोडासाच हलवायचा आणि थांबायचं, बोट उत्तर द्यायला दोन सेकंद घेते. त्यानंतर तासभर त्यांनी टिलर सोडला नाही, चहासुद्धा डाव्या हाताने प्यायल्या.

स्पीड किती असतो?

मर्यादा ताशी ४ मैल, प्रत्यक्षात तीनच्या आसपास. मागे वळून बघायचं, तुमची लाट काठावर फुटत असेल तर तुम्ही जास्त वेगात आहात. बांधून ठेवलेल्या बोटींच्या बाजूने जाताना तर इंजिन अगदी मंद, कारण तुमच्या लाटेने त्यांचे दोर ताणले जातात, खुंटे उपटतात, आतल्या माणसाचा चहा सांडतो. मासे पकडणाऱ्यांजवळही तसंच.

लॉक म्हणजे काय आणि ते आम्हाला जमेल का?

जमेल. सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते आणि घरी आल्यावर सगळे जण याच्याच गोष्टी सांगतात.

कालव्याला चढ चढायचा असेल तर पाण्याचा जिना लागतो, त्याची एक पायरी म्हणजे लॉक. दोन्ही बाजूंना गेटं असलेली दगडविटांची लांब पेटी. वर जायचं असेल तर पेटी रिकामी हवी, खालचं गेट उघडून बोट आत, गेट बंद, मग वरच्या बाजूची झडप उघडायची, पाणी आत येतं आणि बोट हळूहळू वर येते. झडपेला पॅडल म्हणतात आणि ती फिरवायला हातात धरायची एक एल आकाराची लोखंडी किल्ली असते, विंडलास. एका अरुंद लॉकला एका वेळी लाखभर लिटर पाणी लागतं, म्हणून समोरून कुणी येत असेल आणि लॉक त्यांच्या बाजूने तयार असेल तर त्यांना आधी येऊ द्यायचं. पाणी फुकट जाऊ द्यायचं नाही हा इथला मोठा संस्कार आहे.

विंडलास फिरवताना दात्यावरची खिट्टी टक टक टक वाजते, तो आवाज मला झोपेतही ओळखू येईल. पाणी दोन्हीकडे सारखं झालं की गेटाचा तो लांबच लांब काळा-पांढरा दांडा कमरेने ढकलायचा, पाय रोवायला जमिनीत विटांच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. आधी काहीच होत नाही. एक इंचाचा फरक उरला असेल तरी टनभराचं गेट हलत नाही, आणि मग एकदम, स्वतःहून सुटल्यासारखं ते हलतं. जोर लावून उपयोग नाही, पाणी सारखं होईपर्यंत थांबावंच लागतं. शेवाळाचा ओला वास, भिंतीतून गळणारं पाणी, खालून वर येणारं बोटीचं छप्पर... नऊ वर्षांचा माझा मुलगा अख्ख्या ट्रिपमध्ये फक्त यासाठी सकाळी लवकर उठायचा.

लॉकमध्ये धोका कशाचा असतो?

खाली उतरताना सिलचा. वरच्या गेटाखाली पाण्यात एक काँक्रीटचा किंवा दगडाचा कट्टा असतो, पाणी उतरलं की तो उघडा पडतो. बोटीचं मागचं टोक त्यावर राहिलं तर मागचं वरती अडकतं आणि पुढचं खाली जातं, बोट बुडू शकते. लॉकच्या काठावर पांढरी रेघ असते, मागचं टोक कायम त्याच्या पुढे ठेवायचं. काही गडबड वाटली तर ओरडायचं आणि उघडी पॅडलं ताबडतोब बंद करायची, कारण नंतर विचारता येतं. पॅडलवाल्याने फोन खिशात ठेवायचा आणि बोटीवर नजर ठेवायची, आमच्यात हा नियम आहे.

बाकी, काठावर उडी मारू नका, बोट टेकली की पाऊल टाका. बोट भिंतीवर आदळतेय म्हणून हात-पाय मध्ये घालू नका, १५ टनांचं लोखंड आहे ते. आणि विंडलास पॅडलच्या दांड्यावर तसाच सोडून जायचा नाही, खिट्टी निसटली तर तो गरगर फिरून तोंडावर येतो.

पहिल्यांदा कुठला मार्ग घ्यावा?

इथे मला आमची गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या वेळी आम्ही फोर काउंटीज रिंग घेतली, गोल फिरून परत तिथेच, ११० मैल आणि ९४ लॉक्स, एका आठवड्यात. बुकिंगच्या वेळी फोनवर सांगितलं गेलं की लोक सहज करतात. करतात, पण रोज नऊ-दहा तास चालवून. सकाळी सातला निघायचं, पावसात लॉक, जेवण चालता चालता, रात्री पाठ टेकली की झोप. ऑडलेमला ओळीने १५ लॉक्स आहेत, तिथे काठावर एका घराबाहेर टेबल मांडून घरचा जॅम आणि केक ठेवला होता, पैसे डब्यात टाका म्हणून, आणि आम्ही थांबलो नाही कारण वेळापत्रक. तो केक मला अजून आठवतो. अशा सुट्टीला काही अर्थ नाही.

हिशोब सोपा आहे. मैल अधिक लॉक्स, भागिले तीन, तेवढे तास. दिवसाला चार-पाच तासांच्या वर जाऊ नका.

माझी पहिली शिफारस केनेट अँड एव्हनवर ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते बाथ. ब्रॅडफर्डचं लॉक सोडलं तर बाथ शहरात शिरेपर्यंत एकही लॉक नाही, दरीच्या कडेकडेने झाडीतून जायचं, मध्ये डंडास ॲक्वेडक्टवरून, म्हणजे कालवाच वाहून नेणाऱ्या पुलावरून, एव्हन नदी ओलांडायची, आणि बाथमध्ये लॉक्सच्या वरच बोट बांधून चालत रोमन बाथ्स बघायला जायचं. काठाला राहत्या बोटींची रांगच्या रांग असते त्यामुळे वेग आपोआप कमी राहतो. दुसऱ्या बाजूला डिव्हायझेसला केन हिलचे २९ लॉक्स आहेत, त्यातले १६ एका सरळ रेषेत टेकडी चढतात. ते पहिल्या वेळी गाडीने जाऊन बघा.

दुसरी शिफारस लॅनगॉलेन कालवा. आहे अर्धा वेल्समध्ये, पण सोडवत नाही. चर्कपासून लॅनगॉलेनपर्यंत एकही लॉक नाही आणि वाटेत पाँटकसिल्ते ॲक्वेडक्ट आहे, थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांचं काम, १८०५ मधलं, ३०७ मीटर लांब आणि डी नदीच्या ३८ मीटर वर. लोखंडी पन्हाळीतून बोट जाते. एका बाजूला टोपाथ आणि कठडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, पन्हाळीची वीतभर कड आणि खाली थेट दरी. टिलरवर उभं राहून त्या बाजूला बघितलं तर पाण्यावर नाही हवेत चालतोय असं वाटतं. २००९ पासून हा जागतिक वारसा आहे. या कालव्याला थोडा प्रवाह आहे कारण यातून पिण्याचं पाणीही जातं, त्यामुळे लॅनगॉलेनकडे जाताना जास्त वेळ धरा. उन्हाळ्यात गर्दी असते हेही खरं.

ऑक्सफर्ड कालव्याचा दक्षिण भाग तिसरा. टेकड्यांना वळसे घालत जातो, लाकडी लिफ्ट ब्रिज म्हणजे वर उचलायचे पूल, गुरं, बॅनबरी आणि शेवटचं ऑक्सफर्ड सोडलं तर शहर नाही. लेस्टरकडच्यांना फॉक्सटन जवळ पडेल, तिथे दहा लॉक्सचा जिना आहे आणि पॅडलं लाल-पांढरी रंगवलेली, आधी लाल मग पांढरं, उलट केलं तर पाणी भलतीकडे जातं. तिथे मदतीला लोक असतात.

बोगद्यांची भीती वाटते, जावं का?

आमच्या घराजवळ ब्लिसवर्थचा बोगदा आहे, २.८ किलोमीटर, दोन बोटी शेजारून जाऊ शकतात. हेडलाइट लावायचा, आतले सगळे दिवे लावायचे म्हणजे भिंतीवर उजेड पडतो, रेनकोट घालायचा कारण वरच्या हवेच्या भोकांतून पाण्याची धार डोक्यावर येते. पलीकडचा उजेड आधी तिळाएवढा दिसतो आणि बराच वेळ तेवढाच राहतो. पूर्वी घोड्याला डोंगरावरून चालत न्यायचे आणि माणसं बोटीवर आडवी पडून भिंतीवर पायांनी चालत बोट ढकलायची. अंधाराची खूप भीती असेल तर बोगदा नसलेला मार्ग घ्या, भरपूर आहेत.

रात्री कुठे थांबायचं? पैसे पडतात का?

बहुतेक ठिकाणी टोपाथच्या बाजूला कुठेही, फुकट. पाटी असेल तर तिथली मुदत वाचा. लॉकच्या तोंडाशी, पुलाखाली, वळणावर, पाण्याच्या नळावर बांधायचं नाही. काठाला लोखंडी कडं नसेल तर हातोड्याने खुंटे ठोकायचे आणि त्यावर काहीतरी पांढरं बांधायचं म्हणजे अंधारात कुणी अडखळणार नाही. भाड्याची बोट अंधारात चालवायची नसते. आणि रात्री आठ ते सकाळी आठ बांधलेल्या बोटीचं इंजिन बंद, शेजारी झोपलेले असतात.

टॉयलेट, आंघोळ, वीज?

सगळं आहे. शॉवर, फ्लश, हीटिंग, फ्रिज. गरम पाणी इंजिन चालल्यावर तापतं, म्हणून संध्याकाळी थांबल्या थांबल्या आंघोळी उरकायच्या. पाण्याची टाकी रोज किंवा एक दिवसाआड भरा, नळ नकाशावर दाखवलेले असतात आणि भरायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. टॉयलेट दोन प्रकारचं, मोठ्या टाकीचं किंवा कॅसेटचं, म्हणजे काढता येणाऱ्या छोट्या टाकीचं. कॅसेट स्वतः नेऊन रिकामी करावी लागते, बुकिंगच्या वेळी विचारून घ्या.

आपला स्वयंपाक होतो का?

होतो की. चार बर्नरचा गॅस असतो, आम्ही कुकर नेतो, पोहे, खिचडी, पिठलं-भात सगळं होतं. फोडणी देताना खिडकी आणि दार दोन्ही उघडा, मोहरी तडतडली की स्मोक अलार्म कोकलतो आणि जागा लहान असल्याने मिरचीचा ठसका सगळ्यांना. पण दाराखालच्या हवेच्या जाळ्या थंडी लागते म्हणून कधीही कापडाने बुजवू नका, कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेत जातो. सामान सुपरमार्केटमधून आधीच भरा, गावातली दुकानं लवकर बंद होतात. कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्या घरूनच न्या.

आई-बाबांना झेपेल का?

गुडघे कसे आहेत त्यावर आहे. बोटीत उतरायला तीन-चार उंच पायऱ्या असतात आणि काठावर पाऊल टाकायचं असतं. बाबांचे गुडघे दुखतात तर ते पुढच्या डेकवर खुर्ची टाकून बसायचे, बगळे आणि बदकांची पिल्लं मोजायचे, आणि टोपाथवरच्या प्रत्येकाला गुड मॉर्निंग म्हणायचे. प्रत्येक जण उलट म्हणतो. लॉकपाशी तर अनोळखी माणसंसुद्धा गेट ढकलायला येतात. चालू शकणाऱ्यांना टोपाथवरून बोटीबरोबर चालता येतं, वेग तोच.

कधी जावं, खर्च किती, व्हिसा?

मार्च ते ऑक्टोबर. मे आणि सप्टेंबर मला सगळ्यात आवडतात. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक्स बंद ठेवतात. चौघांच्या बोटीला आठवड्याचे साधारण हजार ते दोन हजार पौंड, शाळेच्या सुट्टीत महाग, तीन-चार रात्रींचंही बुकिंग मिळतं. डिझेल धरलंय की वेगळं ते विचारा. भारतातून येणाऱ्यांना नेहमीचा व्हिजिटर व्हिसा पुरतो.

बोट अडकली किंवा बंद पडली तर?

गाळात रुतली तर पुढे जोर करू नका, रिव्हर्स घ्या, सगळ्यांना खोल बाजूला उभं करा आणि लांब काठीने काठापासून ढकला. इंजिन चालू आहे पण बोट हलत नाही असं झालं तर बहुतेक पंख्यात काहीतरी गुंडाळलंय. इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, मग मागचं, पंख्याच्या वरचं वीड हॅचचं झाकण उघडून हात घालायचा. आमच्या पंख्यातून एकदा अख्खी साडी निघाली, बर्मिंगहॅमजवळ. झाकण परत घट्ट लावल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, नाहीतर पाणी आत येतं. बाकी कशालाही कंपनीला फोन करा, ते येतात.

परत कधी द्यायची असते?

बहुतेक कंपन्यांना सकाळी नऊच्या आसपास हवी असते, म्हणून आदल्या संध्याकाळी कंपनीच्या धक्क्यापासून अर्ध्या तासावर येऊन थांबा, भांडी घासून ठेवा, बॅगा भरा. बोट वळवायची रुंद जागा ठरावीक ठिकाणीच असते आणि नकाशावर तिचं चिन्ह असतं, ती शेवटची जागा चुकली तर पुढच्या जागेपर्यंत जाऊन यावं लागतं. आम्ही ती पेन्सिलने गोल करून ठेवतो.